विमलाचारीचं पात्र

विमलाचारी चालायची तेव्हा चार हातांपलीकडे बघायची नाही. मान किंचित खाली, नजर समोरच्या चार हात जमिनीवर, आणि पावलाचा आवाज मुळीच नाही. नजरबादच्या आमच्या गल्लीतून सकाळच्या धुक्यात तिचा गुलाबी झगा हळूहळू सरकत यायचा, तेव्हा आपण अजून अंथरुणातच आहोत असं मला कितीतरी दिवस वाटत राही. ती म्हैसुरात दोन वर्षं राहिली. राजवाडा तिच्या रोजच्या वाटेवर होता. एकदा मी तिला विचारलं, राजवाड्याचे घुमट कोणत्या रंगाचे आहेत सांग बघू. ती म्हणाली, "घुमट आहेत की दादा? मला कुंपणाखालचा दगड माहीत आहे. फार चांगला दगड."

मी मूळचा कऱ्हाडचा. मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो, म्हणजे दिवसभर मापं घेतो आणि कागदांवर सह्या ठोकतो. बायको कऱ्हाडला शाळेत शिकवते, तेव्हा इथे मी एकटाच, गिरिजाक्कांच्या गच्चीवरच्या खोलीत. गिरिजाक्का म्हैसूरच्या जुन्या मराठ्यांपैकी. त्यांचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, आणि त्या स्वतः पुढच्या खोलीत ब्लाउज शिवतात. घोडदळाचा उल्लेख दिवसातून एकदा तरी होतो. माझ्या कामावरून त्या मला 'इन्स्पेक्टर' म्हणतात. माझी मराठी त्यांना पुस्तकातली वाटते आणि त्यांची, 'का'च्या जागी 'की' म्हणणारी, मला निम्मी कळते, पण घरमालकीण आणि भाडेकरू यांना तेवढी पुरते.

विद्यापीठातून एकदा फोन आला की मागच्या खोलीसाठी एक विद्यार्थिनी पाठवतोय, नाव विमलाचारी. अक्कांनी मला जिन्यातच गाठलं. "आचारी म्हणजे सुतारातले की सोनारातले, इन्स्पेक्टर?" इकडे आचारी म्हणजे ते. आमच्याकडे आचारी म्हणजे स्वयंपाकी. मी मनातल्या मनात खूश झालो. पोरीच्या हाताला चव असेल, अधूनमधून वाटीभर आमटी वर येईल, असे मांडे खात बसलो. प्रत्यक्षात आली ती डोकं तुळतुळीत भादरलेली चोवीस वर्षांची मुलगी. अंगावर गुलाबी वस्त्रं, खांद्यावर भुऱ्या रंगाचं घडी केलेलं उपरणं, हातात छत्री आणि एक काळं गोल पात्र. ब्रह्मदेशातली बौद्ध संन्यासिनी. नावाचा अर्थ निर्मळ आचरण करणारी. दुपारी बारानंतर ती अन्नाला शिवत नसे, तेव्हा माझी आमटी तिथेच संपली.

वस्त्रांकडे पाहून अहोजाहो करावं, तर वय माझ्या पुतणीएवढं. मी दोन दिवस चाचपडलो आणि सरळ 'तू' वर आलो. अक्का तिला पहिल्या दिवसापासून 'मगु' म्हणत, म्हणजे लेकरू.

या मुलीने आल्या आल्या इथली भाषा शिकायला घेतली. गुरू अर्थात अक्का. वहीत रोज दहा शब्द, ब्रह्मदेशी लिपीत, गोल गोल मण्यांची माळ ओवावी तसे. तीन महिने हे चाललं. मग एके दिवशी ती एकटी बाजारात गेली आणि तासाभरात रिकाम्या हाताने परतली. मी गच्चीच्या पायऱ्यांवर पेपर वाचत होतो. माझ्यासमोर उभी राहून अतिशय गंभीरपणे म्हणाली, "दादा, एक वाईट गोष्ट आहे. बाजारातल्या लोकांना कन्नड येत नाही."

मला हसू आवरेना. अक्का घरात मराठी बोलतात, तीही कन्नडने भरलेली, आणि ही बिचारी तीच कन्नड समजून घोकत होती. मी सगळं समजावून सांगितलं. तिने वही उघडून पानं चाळली.

"मग तीन महिने मी काय शिकले?"

"निम्मी मराठी, निम्मी कन्नड."

"हे बोलणारे लोक किती?"

"या गल्लीत चार घरं असतील."

तिने जरा विचार केला. "साकु," म्हणाली. पुरे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा शब्द घ्यायला बसली.

पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या आदल्या दिवशी ती पात्र घेऊन अक्कांच्या पुढच्या दाराशी उभी राही. राहायची त्याच घरात, पण मागच्या दाराने बाहेर पडून, वळसा घालून पुढच्या दाराशी यायची. पहिल्यांदा अक्का शिवणयंत्रावरून ओरडल्या, "काय पाहिजे ग मगु? सुम्ने का उभी?" म्हणजे उगाच. ती गप्प. मागायचं नाही, हाक मारायची नाही, फक्त उभं राहायचं. आपल्याकडच्या माधुकरीत निदान दाराशी उभं राहून हाक तरी मारतात. इथे तेही नाही. मी वरून सांगितलं, अक्का, मूठभर तांदूळ घाला. अक्कांनी घातले. मुलगी क्षणभर डोळे मिटून पुटपुटली, वळली, पुन्हा वळसा घालून मागच्या दाराने आत गेली आणि ते तांदूळ तिने चुलीवर चढवले. पुढेपुढे अक्का त्या सकाळी अंघोळ उरकून, केसांत मल्लिगेचा गजरा माळून तिची वाट बघत बसू लागल्या. घेणारीपेक्षा देणारीची घाई जास्त.

तिची कहाणी मला एकदम कळली नाही. रविवारी सकाळी ती मागच्या पायऱ्यांवर जेवायला बसे आणि मी कॉफी घेऊन वरच्या पायरीवर. दोरीवर गुलाबी वस्त्रं वाळत असत, त्यांच्यामागे चामुंडीची टेकडी धुक्यातून वर यायची आणि पुन्हा नाहीशी व्हायची. एका रविवारी एक तुकडा, तीन आठवड्यांनी दुसरा. आजही आठवायला बसलो की तिचा देश मला त्या दोरीवरच्या कापडांआडूनच दिसतो.

ती नवव्या वर्षी मठात आली. ऐरावती नदीकाठचं गाव. आई मागावर लुंग्या विणणारी, एक धाकटा भाऊ. मुलींची रांग पात्र घेऊन गावात निघे, तिच्या वाटेवर एका लष्करी अधिकाऱ्याचं घर होतं. त्याची बायको दर वेळी दाराशी उभी असे. प्रत्येकीच्या पात्रात एक पळी कच्चे तांदूळ, आणि विमलासाठी नेहमी थोडं जास्त. तिची ती छत्री त्याच बाईने दिलेली. "ती वाईट नव्हती दादा," विमला म्हणायची. "माझ्या डोक्याला ऊन लागतंय म्हणून रडली होती एकदा."

मग लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवून देश ताब्यात घेतला. रस्त्यावर पहिली उतरली ती पोरं, कॉलेजातली, दुकानात काम करणारी, कारखान्यातल्या मुली. हातात काही नाही, निषेधाची खूण म्हणून तीन बोटं वर केलेली. संध्याकाळी घराघरांतून भांडी बडवली जायची, गावातून भूत हाकलावं तशी. सेनापती मात्र त्याच आठवड्यात एका देवळाचा कळस सोन्याने मढवत होते, भिक्षूंना वस्त्रं वाटतानाचे फोटो छापून आणत होते. मी विचारलं, "त्यांना या सगळ्याचं काय पडलंय?" तेव्हा ती समजावायला सरसावून बसली. "दादा, मला त्यांचा भात पाहिजे, पण एवढाच," तिने चिमूट दाखवली. "त्यांना माझं पात्र पाहिजे, एवढं!" दोन्ही हात पसरले. "दान घेतलं नाही तर पुण्य कुठून? पुण्य नाही तर लोक राजा कशाला म्हणणार?"

त्यांच्या धर्मात एक जुना दंड आहे. एखाद्याने घोर अपराध केला तर भिक्षू त्याच्यापुढे पात्र उलटं करतात. तुझं अन्न आम्हाला नको, म्हणजे पुण्याचं दार तुला बंद. त्याने येऊन क्षमा मागितली की पात्र सुलट होतं.

त्या महिन्यात एका सकाळी मुलींची रांग निघाली. पुढे विमला, मागे तीस जणी. सगळ्यात मोठी बावीस वर्षांची. ती बाई नेहमीप्रमाणे पळी घेऊन दारात उभी होती. विमलाने नजर वर केली, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि पात्र उलटं केलं. आधीच्या घरांचे तांदूळ रस्त्यावर सांडले. मागच्या तीस जणींनी तेच केलं. बाई पळी धरून तशीच उभी राहिली आणि मग तोंडावर हात ठेवून आत गेली.

"आवाज झाला दादा. तांदळाचा. पाऊस नाही, काही नाही, तरी तसा."

मठातल्या थोरल्या संन्यासिनी संतापल्या. पात्र उलटण्याचा अधिकार भिक्षुसंघाचा, तोही सभा भरवून. मुलींना तो अधिकारच नाही, तेव्हा तुमचं पात्र उलटलंच नाही, असा निवाडा त्यांनी दिला. यावर विमलाचं म्हणणं एवढंच होतं: "पात्र उलटलं नाही, तर संध्याकाळी शिपाई कशाला आले?"

शिपाई अकरा जणींना घेऊन गेले. विमला त्या संध्याकाळी आईकडे गेली होती म्हणून वाचली. हे सांगताना तिचा आवाज बदलत नसे, पण पानातला भात तसाच राही. पुढे तिच्या गुरूंनी खटपट करून तिला इथे शिकायला पाठवलं.

ही हकीकत ऐकल्यावर अक्का दोन दिवस शिवणयंत्र नुसतं दडादडा चालवत होत्या. घोडदळाचं घराणं! तिसऱ्या दिवशी फुटल्याच. "आमचं रक्त शिपायाचं, मगु. लष्करावर उलटतात की?"

विमलाने शांतपणे विचारलं, "अक्का, तुमच्या आजोबांनी तांदूळ मागणाऱ्या पोरींना धरून नेलं होतं की?"

"छे! काय बोलतेस!"

"मग ते लष्कर. हे दुसरं काहीतरी."

अक्कांनी यंत्रावरचं गुलाबी कापड ओढलं. तिच्या फाटलेल्या झग्याच्या जागी त्या नवा शिवत होत्या. "हौदु," एवढंच म्हणाल्या. खरं आहे. घोडदळ त्या दिवसापुरतं तरी तबेल्यात गेलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या आईचं दुखणं वाढलं. भाऊ फोनवर आईला दाखवायचा. आई दर वेळी एकच विचारायची, काय जेवलीस. त्याच सुमारास विमलाच्या पासपोर्टची मुदत संपत आली. नवा हवा तर गावच्या अधिकाऱ्यांचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी त्यांनी एका ओळीचं पत्र मागितलं होतं: 'मी माझं पात्र पुन्हा सुलट केलं आहे.' खाली सही. तेवढं दिलं की पासपोर्ट मिळेल, घरी येता येईल, आईजवळ बसता येईल, कोणी हात लावणार नाही. दिलं नाही तर गावाचं दार बंद, आणि मुदत संपली की इथलंही.

इथे मी माझी अक्कल चालवली. एक ओळ! अशा पन्नास ओळींखाली मी रोज सह्या करतो. मी तिला म्हटलं, "अगं, लिहून टाक. कागदच तो. मनातलं पात्र ठेव की उलटं. आई महत्त्वाची का ओळ?"

"तुम्ही सही करता, ते वाचून करता की?"

"वाचत बसलो तर मालाची गाडी फाटकाबाहेर पडायची नाही."

ती हसली. मला वाटलं, पटलं. मी उत्साहाने ऑफिसात बसून ते पत्र सुबक टाइप केलं, छापून आणलं आणि तिच्या दारातून आत सरकवलं. फक्त सही राहिली होती. अक्काही माझ्याच बाजूच्या. "आई म्हणजे आई, मगु. बाकी सगळं आमेले." नंतर बघू.

चार दिवस ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही. जाता-येता दाराच्या फटीतून दिसायची, भिंतीकडे तोंड करून बसलेली. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या खोलीपर्यंत वर आली. ती कधी वर येत नसे. कागद माझ्या हातात दिला. माझी टाइप केलेली ओळ तिने पट्टी धरून खोडली होती आणि खाली स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली होती. पात्र उलटंच आहे. तुम्ही क्षमा मागितलीत की त्याच दिवशी सुलट करीन. माझी आई आजारी आहे, मला तिला भेटू द्या. त्याखाली सही.

"दादा, तुमचा कागद खराब केला. सॉरी."

"हे पाठवू नकोस," मी म्हटलं. जवळजवळ ओरडलोच. "हे पाठवलंस तर आई पुन्हा दिसायची नाही तुला!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण आत अकरा जणी आहेत. त्यांना पण हाच कागद देतात, रोज. त्या सही करत नाहीत. मी इथे कॉफीच्या वासात बसून करू की?"

कागद गेला. उत्तर आलं नाही. मी त्या काळात फार चिडचिडा झालो होतो. तिच्यावर, त्या सेनापतींवर, कारखान्यातल्या पोरांवर. खरं सांगायचं तर ओळ खोडताना पट्टी धरली होती, त्याचा मला राग होता. एवढं शांत राहून कोणी आईला गमावतं का, असं वाटायचं. मग एका सकाळी अंघोळीला जाताना मागच्या बाजूला ती दिसली. वाळत घातलेल्या ओल्या झग्यात तोंड खुपसून उभी होती आणि खांदे हलत होते. मी पाय न वाजवता परत वर गेलो.

दीड महिन्याने आई गेली. भावाने फोनवर अंत्ययात्रा दाखवली. मध्येच रेंज गेली आणि पडद्यावर एक हिरवं झाड तेवढं अडकून राहिलं. ती त्या झाडाकडे बघत बसली. अक्कांनी शिवणयंत्र झाकून ठेवलं आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली.

सातव्या दिवशी त्यांच्याकडे भिक्षूंना जेवू घालतात आणि त्याचं पुण्य गेलेल्याच्या नावे वाटतात. विद्यापीठात तिच्या देशाचे तीन तरुण भिक्षू होते, ते आले. पुढच्या आठवड्यात ती जायची होती. पासपोर्टची मुदत उरली होती तोवर थायलंडच्या सरहद्दीवर पोचायचं, तिथे पळून आलेल्या मुलांची एक शाळा आहे, तिथे शिकवायचं. पुढचं तिलाही ठाऊक नव्हतं, आज मलाही फारसं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा निरोप येतो, त्यात पावसाचं आणि मुलांचं असतं.

अक्कांनी पहाटेपासून स्वयंपाक केला. मी रजा घेऊन भाजी चिरली. भिक्षू बाराच्या आत जेवले आणि ओळीने बसले. मग विमलाने अक्कांचा तांब्या घेतला आणि एका परातीत थेंब थेंब पाणी सोडू लागली. पाणी पडत असताना ज्यांना पुण्याचा वाटा द्यायचा त्यांची नावं घ्यायची. आमच्यासाठी म्हणून ती मराठीतही म्हणत होती, अक्कांच्या मराठीत. आईला. आत असलेल्या अकरा जणींना. रस्त्यावर मेलेल्या पोरांना. अक्कांना, दादांना, या गल्लीतल्या चार घरांना. खिडकीतून ऊन आलं होतं, पाण्याची धार बारीक होत होती, आणि मला डुलकी लागल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात ऐकलं, "छत्री देणाऱ्या बाईला. तिच्या नवऱ्याला."

अक्का दचकल्या. "त्याला पण? बेडा, मगु! त्याला बेडा!" नको.

विमलाची धार तुटली नाही. "अक्का, त्यांच्याकडून घ्यायला बेडा म्हटलंय. द्यायला कधी म्हटलं?"

तांब्या रिकामा झाला. ऐकणाऱ्यांनी आता तीनदा 'साधू' म्हणायचं असतं, म्हणजे वाटा मान्य झाला. भिक्षू म्हणाले. अक्का नाक ओढत म्हणाल्या. मी दोनदा म्हटलं आणि अडकलो. ज्याच्यामुळे हिला आईचं तोंड दिसलं नाही, त्याला पुण्य पोचवायला माझी जीभ उचलेना. आणि ज्या ओळीखाली मी हिला सही करायला सांगत होतो, ती आठवून आवाजही फुटेना.

विमलाने तांब्या खाली ठेवला नाही. रिकामा तांब्या तसाच तिरका धरून माझ्याकडे बघत थांबली, सरळ, डोळ्यांत.

"दादा, एक राहिला," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांनी म्हटल्याशिवाय आईलाही पोचत नाही."

मी म्हटलं.

मग ती उठली आणि भांडी घासायला मागच्या दारी गेली.